५८ एमबीची कांद्याची वही: फुगलेली एक्सेल फाइल हलकी कशी करायची

मार्चचा शेवटचा आठवडा होता. माझा मावसभाऊ पिंपळगाव बसवंतला एका कांदा व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. आज किती ट्रॅक्टर, किती पिकअप, शेतकरी कोणत्या गावचा, माल लाल की उन्हाळ (उन्हाळी कांदा), किती क्विंटल, काय भाव, पैसे दिले की राहिले, हे सगळं एकाच एक्सेल फाइलमध्ये. त्याचा फोन आला. "ताई, फाइल सीएंना मेलने जातच नाही. उघडायलाच चार मिनिटं घेते. म्हणून मागच्या वर्षीचा उन्हाळ सगळा उडवला, तरी ५८ एमबीची ५७ झाली फक्त."

फाइलचं ठीक आहे, तिचं वजन उतरवता येतं. पण तो उडवलेला हंगाम ऐकून मला धस्स झालं. त्या ओळींमध्ये निफाड आणि दिंडोरीकडच्या शेकडो शेतकऱ्यांच्या विक्रीची नोंद होती, आणि त्याने त्याच नावाने फाइल सेव्हही केली होती. हंगाम परत मिळाला. कसा, ते पिव्होटच्या (नोंदींच्या बेरजा आपोआप मांडणाऱ्या तक्त्याच्या) टप्प्यात सांगते.

हा लेख त्यासाठीच लिहिते आहे. फाइल जड झाली की माणसं आधी जुन्या नोंदी काढतात, आणि वजन बहुतेक वेळा नोंदींचं नसतंच. त्याच्याकडे १४,२०० ओळी आणि १५ रकाने होते. नुसत्या एवढ्या नोंदींची फाइल एक-दीड एमबीची असायला हवी. उरलेले ५६ एमबी कुठे बसले आहेत हे आधी बघायचं आणि मगच हात लावायचा.

हात लावण्याआधी

मूळ फाइलची प्रत काढा, तिला तारखेसह वेगळं नाव द्या आणि सगळं काम प्रतीवर करा. मग एका कागदावर तीन आकडे लिहा: एकूण ओळी, एकूण क्विंटल, एकूण रुपये. तुमचा धंदा वेगळा असेल तर तुमचे तीन आकडे वेगळे असतील, सातपूर-अंबडच्या कारखान्यात कदाचित नग आणि बिलाची रक्कम. पण आकडे कागदावरच लिहा, त्याच फाइलमध्ये नको. शेवटी ते लागणार आहेत.

फाइल जुन्या एक्सएलएस प्रकारची असेल तर आधी 'सेव्ह अॅज' करून एक्सएलएसएक्स करा. जुन्या प्रकारात ६५,५३६ ओळींची मर्यादा असते आणि पुढची तपासणी त्यावर चालत नाही. फाइल उघडायला पासवर्ड लागत असेल तर प्रतीवरचा पासवर्ड काढा, कारण पासवर्ड लावलेली फाइल कुलूपबंद होते आणि आत डोकावता येत नाही.

फाइल उघडून वजन करा

एक्सेल २००७ पासूनची एक्सएलएसएक्स फाइल ही आतून एक झिप फाइल असते. म्हणूनच मेलला जावी म्हणून तिला पुन्हा झिप केलं तर जवळजवळ काहीच फरक पडत नाही. पण याच गोष्टीचा आपल्याला फायदा आहे: झिप म्हणून उघडली की आतला प्रत्येक भाग वेगळा दिसतो आणि त्याचं वजनही.

विंडोजमध्ये फोल्डरच्या 'व्ह्यू' मेनूतून 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' सुरू करा. प्रतीची आणखी एक प्रत काढा, तिच्या नावाच्या शेवटचं एक्सएलएसएक्स खोडून तिथे झिप लिहा. विंडोज इशारा देईल, 'येस' म्हणा. आता तिच्यावर डबल क्लिक करा. आत 'एक्सएल' नावाचं फोल्डर असेल, खरा माल त्यात. व्ह्यू 'डीटेल्स'वर ठेवलात की 'कॉम्प्रेस्ड साइज' आणि 'साइज' असे दोन रकाने दिसतात. पहिला म्हणजे फाइलमध्ये घेतलेली जागा, दुसरा म्हणजे उघडल्यावर संगणकाला प्रत्यक्षात वाचावा लागणारा मजकूर.

'मीडिया' फोल्डरमध्ये फोटो असतात. 'वर्कशीट्स'मध्ये प्रत्येक शीटची एक फाइल असते. 'पिव्होटकॅश' म्हणजे पिव्होट टेबलांनी स्वतःजवळ ठेवलेली मूळ नोंदींची नक्कल. 'ड्रॉइंग्ज'मध्ये आकृत्या, बटणं, चित्रांच्या जागा. 'स्टाइल्स' नावाच्या एका फाइलमध्ये रंग-अक्षरांचे सगळे प्रकार, आणि 'एक्स्टर्नललिंक्स' दिसलं तर तुमची फाइल दुसऱ्या फाइलींशी जोडलेली आहे.

भावाच्या फाइलचं वजन असं निघालं: मीडिया ३९ एमबी, वर्कशीट्स १३, पिव्होटकॅश ४, बाकी सगळं मिळून २. वर्कशीट्समधली एक फाइल एकटीच साडेबारा एमबीची होती आणि उघडल्यावर तिचे सव्वाशे एमबी होत होते. उघडायला चार मिनिटं का लागत होती, ते तिथेच कळलं.

एक खबरदारी. 'शीट४' नावाची फाइल म्हणजे एक्सेलमधला डावीकडून चौथा टॅब असेलच असं नाही. संशय आलेली शीट तीच का, हे बघायला एका टाकाऊ प्रतीतून तो टॅब काढून सेव्ह करा आणि किती वजन उतरलं ते बघा. ती प्रत लगेच फेकून द्या.

रिकाम्या सेलचं ओझं

ज्या शीटचं वजन जास्त आहे ती उघडून कंट्रोल + एंड दाबा. एक्सेल तुम्हाला त्याच्या हिशेबाने शेवटच्या वापरलेल्या सेलवर नेतं. नोंदी १४,२०० व्या ओळीला संपत होत्या, आणि कर्सर जाऊन बसला ४,१२,००० च्या पुढच्या ओळीवर. भावाने चौकट आणि दराच्या रकान्याचं फॉरमॅट 'पुढच्या नोंदींसाठी' म्हणून खाली ओढत नेलं होतं. एक्सेलच्या शीटला १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने असतात, त्यामुळे ओढायला जागा भरपूर. पण ओढलेल्या भागातला प्रत्येक सेल, आत काही नसलं तरी, 'मला चौकट आहे' एवढं सांगण्यापुरती फाइलमध्ये जागा घेतो. इथे असे जवळजवळ साठ लाख सेल होते.

अख्खा रकाना त्याच्या शीर्षकावर क्लिक करून निवडला आणि रंग दिला, तर मात्र एक्सेल ते एकाच ओळीत लिहून ठेवतं, वजन वाढत नाही. त्रास होतो तो मधूनच सेल निवडून हजारो ओळी खाली ओढण्याने. पुढे फॉरमॅट लागणारच असेल तर नोंदींवर कंट्रोल + टी दाबून त्यांचं टेबल करा. नवी ओळ लिहिली की चौकट, रंग आणि सूत्रं आपोआप खाली येतात.

आता काढायचं कसं. आधी सगळे फिल्टर काढा आणि लपवलेल्या ओळी उघडा. हे विसरलात तर झाकलेल्या खऱ्या नोंदीही जातील. मग खरी शेवटची नोंद शोधा: ए१ वर या, कंट्रोल + एफ दाबून शोधायच्या चौकटीत नुसतं तारा चिन्ह (*) लिहा, 'ऑप्शन्स'मध्ये 'बाय रोज' आणि 'फॉर्म्युलाज' निवडा, आणि शिफ्ट दाबून 'फाइंड नेक्स्ट'वर क्लिक करा. शोध उलट्या दिशेने जातो आणि ज्यात खरोखर काही लिहिलेलं आहे अशा शेवटच्या सेलवर थांबतो.

त्याच्या खालच्या ओळीच्या क्रमांकावर क्लिक करा. कंट्रोल + शिफ्ट + खालचा बाण दाबून तळापर्यंत निवडा. उजवं क्लिक करून 'डिलीट' घ्या. कीबोर्डवरचं डिलीट बटण दाबू नका: त्याने फक्त मजकूर जातो, चौकटी आणि रंग तिथेच राहतात. आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणांचं काम याच एका ठिकाणी फसतं आणि 'मी काढलं तरी फाइल तेवढीच' असं ते म्हणतात. उजवीकडच्या रिकाम्या रकान्यांचंही असंच करा. मग सेव्ह करा, फाइल बंद करून पुन्हा उघडा, पुन्हा कंट्रोल + एंड. सेव्ह केल्याशिवाय एक्सेल जुनीच हद्द दाखवत राहतं.

यानंतर कंट्रोल + एफ करून 'हॅश-रेफ' (#REF!) ही चूक कुठे उगवली का, ते अख्ख्या वर्कबुकमध्ये शोधा. एखादं सूत्र काढलेल्या ओळींतल्या सेलकडे थेट बोट दाखवत असेल तर ते तुटतं.

मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर 'रिव्ह्यू' टॅबमध्ये 'चेक परफॉर्मन्स' असतं. ते असे रिकामे फॉरमॅट केलेले सेल स्वतः शोधून साफ करतं. मी ते वापरते, पण आधी कुठले सेल काढणार आहे त्याची यादी वाचून. फोटो आणि पिव्होटला ते हात लावत नाही. एवढ्यावर आमची फाइल ४६ एमबीवर आली.

काटापट्टीचे फोटो

हा भाग सगळ्यात नाजूक आहे, कारण इथे चूक झाली तर पुरावा जातो.

भाऊ काटापट्टीचा (वजनकाट्याच्या पावतीचा) फोटो फोनवर काढायचा, व्हॉट्सअॅपवरून संगणकावर घ्यायचा आणि त्या-त्या ओळीत चिकटवून बोटभर छोटा करायचा. एक फोटो पावणेदोनशे-दोनशे केबीचा. एकटा कुणाला जड वाटणार नाही, पण ते होते दोनशेच्या वर. आणि फोटो कोपऱ्याला धरून लहान केला म्हणजे त्याचं वजन कमी होत नाही. लहान फक्त तो दिसतो, फाइलमध्ये पूर्ण आकाराचाच राहतो.

सगळीकडे एक उपाय सांगितलेला आढळतो: फोटोवर क्लिक करा, 'पिक्चर फॉरमॅट'मध्ये 'कॉम्प्रेस पिक्चर्स' घ्या, 'अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर'ची खूण काढा, 'डिलीट क्रॉप्ड एरियाज'ला खूण करा आणि १५० किंवा ९६ पीपीआय निवडा. दुकानाचा लोगो, लेटरहेडवरचं चित्र, मालाचा शोभेचा फोटो यांच्यासाठी हा उपाय अगदी योग्य आहे.

काटापट्टीसाठी तो वापरू नका. पीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके, आणि त्याचा हिशेब शीटवर दिसणाऱ्या आकारावरून होतो. फोटो शीटवर एक इंच रुंद दिसत असेल आणि तुम्ही १५० निवडलंत, तर त्या फोटोत रुंदीला फक्त १५० ठिपके उरतात. एवढ्यात वजनाचा आकडा वाचता येत नाही. पुढे कधी फोटो ओढून मोठा केला तर नुसता धुरकट डाग दिसतो, आणि सेव्ह करून फाइल बंद केली की मूळ परत मिळत नाही.

म्हणून आम्ही फोटो फाइलबाहेर काढले. झिपमधल्या मीडिया फोल्डरमधून ते सगळे एकदम कॉपी करता येतात, पण तिथे त्यांची नावं नुसती 'इमेज१', 'इमेज२' अशी असतात, ओळीशी नातं राहत नाही. सुदैवाने पट्टीवर नंबर असतो. आम्ही दोघांनी बसून एकेका फोटोला पट्टीचा नंबर हेच नाव दिलं. अख्खी दुपार गेली, पण ती दुपार वाया गेली असं मला जराही वाटत नाही. तुमच्या फोटोंवर असा नंबर नसेल तर फोटो फाइलबाहेर काढण्याआधी शीटवर बघून यादी करा, नंतर जुळवता येणार नाही.

मग फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे त्यातच 'काटापट्टी' नावाचं फोल्डर केलं, फोटो त्यात ठेवले आणि पट्टी नंबराच्या सेलवर कंट्रोल + के करून त्या-त्या फोटोचा दुवा दिला. क्लिक केलं की फोटो पूर्ण आकारात उघडतो, शीटमध्ये दिसायचा त्याहून कितीतरी स्पष्ट. फाइल दुसरीकडे न्यायची असेल तर फोल्डर सोबत न्या, नाहीतर दुवे तुटतील.

फोटो शीटमध्ये ठेवणं भागच असेल तर कॉपी-पेस्ट न करता 'इन्सर्ट'मधून 'पिक्चर्स' घ्या. पेस्ट केलेला फोटो पुष्कळदा पीएनजी होऊन बसतो, आणि फोटोसाठी पीएनजी जेपीजीपेक्षा खूप जड पडतं.

४६ वरून ७.

पिव्होट: जिने हंगाम वाचवला

भाऊ दर महिन्याला गाववार आणि भाववार पिव्होट टेबल करायचा. महिनागणिक नोंदींची हद्द वाढायची, म्हणून प्रत्येक वेळी नवी हद्द निवडून नवं टेबल. हद्द वेगळी असली की एक्सेल त्या टेबलासाठी मूळ नोंदींची स्वतंत्र नक्कल फाइलमध्ये ठेवतं. अशा चौदा नकला साठल्या होत्या.

पण थांबा. पिव्होटची नक्कल शेवटच्या रिफ्रेशच्या वेळची असते. मूळ शीटमधून ओळी उडवल्या आणि टेबल रिफ्रेश केलं नाही, तर उडवलेल्या ओळी तिच्यात शाबूत असतात. आमच्याकडे नोव्हेंबरमधलं टेबल होतं, उन्हाळ कांद्याचा अख्खा हंगाम पोटात घेतलेलं. त्यावरचे फिल्टर काढले आणि उजवीकडे खाली कोपऱ्यात 'ग्रँड टोटल'च्या आकड्यावर डबल क्लिक केलं. एक नवी शीट उघडली आणि तिच्यात उडवलेल्या सगळ्या ओळी होत्या. सूत्रं आली नाहीत, फक्त आकडे आणि मजकूर, पण नोंद म्हणून तेवढं पुरेसं होतं. बांधीव वहीतल्या महिनेवार बेरजांशी ताडून त्या आम्ही मूळ जागी परत ठेवल्या. हे सगळ्यात आधी केलं, वजन-बिजन नंतर.

म्हणून पिव्होटला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारा: याच्या मूळ नोंदी अजून फाइलमध्ये आहेत ना? नसतील तर ते टेबल हीच तुमची एकमेव प्रत आहे. रिफ्रेश करू नका, आधी डबल क्लिक करून नोंदी बाहेर काढा.

नोंदी जागेवर असतील तर जुनी, कामाची नसलेली टेबलं काढा. जी ठेवायची त्यांच्यावर क्लिक करून 'पिव्होटटेबल अॅनालाइझ', तिथून 'ऑप्शन्स', मग 'डेटा' टॅब. तिथे 'सेव्ह सोर्स डेटा विथ फाइल'ची खूण काढा आणि 'रिफ्रेश डेटा व्हेन ओपनिंग द फाइल'ला खूण करा. फाइल उघडताना टेबल मूळ नोंदींवरून स्वतः तयार होतं. आणि पिव्होटची हद्द सेलच्या पत्त्यांनी देण्याऐवजी कंट्रोल + टी केलेल्या टेबलाचं नाव द्या. दर महिन्याला नवी नक्कल पडत नाही.

उरलेलं किडूकमिडूक

इथून पुढचं कुणाच्या फाइलमध्ये सापडेल, कुणाच्या नाही.

बाजारभाव वेबपानावरून कॉपी करून चिकटवताना न दिसणारी बटणं आणि चित्रंही येतात. बाजारभावांच्या शीटवर अशा काही हजार वस्तू होत्या. ऑल्ट + एफ१० दाबलं की 'सिलेक्शन पेन'मध्ये यादी दिसते. सगळ्या काढायच्या असतील तर कंट्रोल + जी, 'स्पेशल', 'ऑब्जेक्ट्स' आणि मग डिलीट. त्या शीटवरचे आलेख आणि लोगोही यात निवडले जातात, म्हणून ज्या शीटवर ते नाहीत तिथेच हे करा. यापुढे चिकटवताना 'पेस्ट स्पेशल'मधून फक्त 'टेक्स्ट' घ्या.

ज्यांचे पैसे राहिलेत त्यांची ओळ लाल व्हावी म्हणून भावाने कंडिशनल फॉरमॅटिंगचा एकच नियम केला होता. ओळी कॉपी-पेस्ट करत राहिल्याने त्या एकाचे शेकडो तुकडे झाले होते. 'होम', 'कंडिशनल फॉरमॅटिंग', 'मॅनेज रूल्स' असं जाऊन 'धिस वर्कशीट' निवडा, सगळे काढा आणि अख्ख्या हद्दीवर एकदाच नवा नियम लावा.

लपवलेल्या शीट कुठल्याही टॅबवर उजवं क्लिक करून 'अनहाइड'मध्ये दिसतात. तिथेही न दिसणारी शीट असू शकते, ती ऑल्ट + एफ११ दाबून डावीकडच्या यादीत सापडते. सेलना दिलेल्या जुन्या नावांसाठी कंट्रोल + एफ३, दुसऱ्या फाइलींच्या जोडण्यांसाठी 'डेटा'मधलं 'एडिट लिंक्स' (मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आता 'वर्कबुक लिंक्स'). जोडणी तोडली की सूत्राच्या जागी आकडा राहतो, म्हणून ती कशासाठी होती हे कळल्याशिवाय तोडू नका.

एक्सएलएसबी या प्रकारात सेव्ह केलं की फाइल लहान होते आणि लवकर उघडते, हे खरं आहे. मी ते मोठ्या, फक्त आकड्यांच्या फाइलींसाठी वापरते. पण फोटो त्याने हलके होत नाहीत, आणि समोरच्याकडे एक्सेलऐवजी दुसरं काही असेल तर अडचण येऊ शकते. सीएंना आधी विचारा.

मेलबद्दल एवढंच: जीमेलची मर्यादा २५ एमबीची आहे, पण मेलमधून जाताना जोडलेली फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. २२ एमबीची फाइल परत आली तर नवल नाही.

पाठवण्याआधी

संध्याकाळी फाइल १.४ एमबीवर आली आणि उघडायला तीन-चार सेकंद लागले. भाऊ लगेच मेल लिहायला बसला. मी त्याला थांबवलं आणि सकाळचा कागद काढला. ओळी मोजल्या, क्विंटलची बेरीज घेतली, रुपयांची घेतली. ओळी आणि क्विंटल जुळले. रुपयांत २,३४० चा फरक आला. एका ओळीत हमालीचा आकडा दुसऱ्या रकान्यात पडला होता, तो शोधायला पाऊण तास लागला. तो जागेवर आला, तिन्ही आकडे जुळले आणि मग मेल गेला. ५८ एमबीची जुनी प्रत, तिच्यातल्या त्या दोनशेवर फोटोंसकट, पेन ड्राइव्हवर आहे. सीएंचं काम पुरं होईपर्यंत ती पुसायची नाही, असं त्याने पेन ड्राइव्हवर चिठ्ठी चिकटवून लिहिलं आहे.